पैसे गेले, आता काय? सायबर फसवणूक, सरकारी नियम आणि पुणेकरांचे नेहमीचे प्रश्न

हे पान पुणे शहर, पिंपरी-चिंचवड आणि जिल्ह्यातल्या वाचकांसाठी आहे. पैसे नुकतेच गेले असतील तर फक्त पहिलं उत्तर वाचा आणि फोन उचला. बाकीचं नंतर वाचता येईल.

आत्ताच खात्यातून पैसे गेलेत. सगळ्यात आधी काय करायचं?

१९३० लावा, ही सायबर फसवणुकीची सरकारी हेल्पलाइन. बँकेच्या शाखेत धावायचं नाही, सोसायटीच्या ग्रुपवर विचारायचं नाही, मुलाचा अमेरिकेतून फोन येईपर्यंत थांबायचं नाही.

यामागचं कारण समजून घेतलं की क्रम आपोआप लक्षात राहतो. तुमचे पैसे चोराच्या हातात लगेच पडत नाहीत. आधी ते कुणाच्या तरी भाड्याने घेतलेल्या खात्यात जातात, तिथून तुकडे होऊन चार-पाच खात्यांत, तिथून आणखी पुढे. १९३० वरचा कर्मचारी तुमची माहिती यंत्रणेत भरतो, तेव्हा ती पैसे गेलेल्या बँकेला दिसते. पैसे अजून तिथेच असतील तर बँक ती रक्कम रोखून धरते. पुढे गेले असतील तर कुठे गेले ते नोंदवते आणि तक्रार पुढच्या बँकेकडे सरकते. एटीएममधून रोकड निघाली किंवा क्रिप्टो विकत घेतलं गेलं की हा पाठलाग तिथेच संपतो. सरकारने उभी केलेली ही यंत्रणा वाटेतला पैसा अडवण्यासाठी आहे. मुक्कामी पोचलेला पैसा परत आणणं हे अगदी वेगळं आणि फार लांबचं काम आहे.

फोन लावताना हाताशी ठेवायचं: तुमचं नाव, मोबाइल नंबर, बँक आणि खाते क्रमांक, गेलेली रक्कम, तारीख, वेळ आणि व्यवहाराचा क्रमांक. यूपीआयचा हा क्रमांक १२ आकडी असतो आणि ॲपमधल्या व्यवहाराच्या तपशिलात सापडतो. एकाहून जास्त व्यवहार झाले असतील तर प्रत्येकाचा क्रमांक वेगळा सांगावा लागतो. लोक एकूण बेरीज सांगतात आणि इथेच वेळ जातो.

नोंद झाली की एसएमएसवर पोच क्रमांक येतो. त्यानंतर स्वतःच्या बँकेच्या हेल्पलाइनवर कार्ड, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद करून घ्या आणि त्याही तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. मग २४ तासांच्या आत सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या पोर्टलवर तोच पोच क्रमांक वापरून तक्रार पूर्ण करा. १९३० लागतच नसेल तर घरातल्या एकाने लावत राहायचं आणि दुसऱ्याने पोर्टलवर थेट तक्रार भरायला घ्यायची.

रविवार आहे, दुसरा शनिवार आहे, बँक सोमवारी उघडेल, हा विचार सगळ्यात महाग पडतो. चोर सुट्टी बघूनच फोन करतात.

पोर्टलवर तक्रार भरताना काय अडतं?

घटनेच्या वर्णनाला किमान २०० अक्षरं लागतात आणि काही चिन्हं चालत नाहीत. त्यामुळे बँकेचा मेसेज जसाच्या तसा चिकटवला की चूक दाखवतं. आधी वहीत किंवा नोट्समध्ये साध्या वाक्यांत लिहून घ्या: किती वाजता कुणाचा फोन आला, काय सांगितलं, तुम्ही काय केलं, पैसे कुठे गेले. राग, शिव्या, अंदाज यांची तिथे गरज नाही.

पुरावे जोडताना बँकेच्या खातेउताऱ्याची पीडीएफ, व्यवहाराचे स्क्रीनशॉट आणि चॅट हवं. स्क्रीनशॉटमध्ये समोरच्याचा नंबर दिसायला हवा. नुसतं नाव दिसून उपयोग नाही, कारण नाव तुम्ही सेव्ह केलेलं असू शकतं. लाज वाटते म्हणून चॅट पुसू नका. पुढे कोर्टात भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे डिजिटल पुराव्याला प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ फोनच साफ केलेला असेल तर पंचाईत होते.

पोर्टलवर तक्रार केली म्हणजे एफआयआर झाला का?

नाही. बहुतेकांचा इथेच गोंधळ होतो. पोर्टलची तक्रार संबंधित पोलिसांकडे जाते. गुन्हा नोंदवणं ही त्यापुढची पायरी आहे. ठरावीक मुदतीत कुणी बोलावलं नाही असं म्हणत बसण्यापेक्षा पोच क्रमांक, खातेउतारा, ओळखपत्र आणि घटनाक्रमाचा एक कागद घेऊन स्वतः ठाण्यात जा.

आता कुठलं ठाणं? पुणे शहराचं सायबर पोलीस ठाणं शिवाजीनगरला आहे. पण हिंजवडी, वाकड, भोसरी, चाकण हा भाग १५ ऑगस्ट २०१८ पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे आहे, आणि बारामती, इंदापूर, जुन्नर पुणे ग्रामीणकडे. पत्त्यावर ‘पुणे ४११०५७’ लिहिलेलं असलं तरी हिंजवडीकराचं ठाणं पुणे शहरात येत नाही.

‘आमची हद्द नाही’ असं ऐकायला मिळालं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १७३ लक्षात ठेवा. हा कायदा १ जुलै २०२४ पासून लागू आहे. दखलपात्र गुन्ह्याची (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) माहिती, तो कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्यात देता येते. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. ऑनलाइन माहिती दिली असेल तर तीन दिवसांत सही करावी लागते. तरीही नोंद झाली नाही तर लेखी अर्ज पोलीस अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे आणि त्यानंतर न्यायदंडाधिकाऱ्याकडे, हा मार्ग त्याच कलमात दिलेला आहे.

सहसा लागणारी कलमं: भारतीय न्याय संहितेचं ३१८(४), म्हणजे जुनं ४२०. तोतयेगिरीसाठी ३१९. माहिती तंत्रज्ञान कायद्याची ६६सी आणि ६६डी, ज्यात तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. या कायद्याखालच्या गुन्ह्याचा तपास पोलीस निरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाचा अधिकारीच करतो, म्हणून हवालदाराने ‘साहेब आल्यावर या’ म्हटलं तर ती दर वेळी टाळाटाळच असते असं नाही.

रक्कम रोखली गेली असं कळलं. ती खात्यात कधी येते?

आपोआप येत नाही. रोखलेली रक्कम कुणाची हे ठरवायला सहसा कोर्टाचा आदेश लागतो. त्यासाठी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करतात. पोलिसांचा अहवाल, बँकेने कोणत्या खात्यात किती रोखलं याची माहिती आणि तुमचा उतारा जोडायचा. रक्कम तीन बँकांत अडकली असेल तर अर्जात तिन्ही बँकांची नावं आणि तिन्ही आकडे हवेत. एक सुटला तर आदेशातूनही सुटतो. काही प्रकरणं लोकअदालतीत मार्गी लागतात, तेव्हा तपास अधिकाऱ्याला तसं विचारून ठेवा.

बँक भरपाई देईल का?

उत्तर एका गोष्टीवर अवलंबून आहे: व्यवहार तुम्ही केला की तुमच्या नकळत झाला.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने याची चौकट घालून दिली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सहकारी बँकांसाठीही तसंच परिपत्रक काढलं. पुण्यात बऱ्याच घरांची ठेव एखाद्या सहकारी बँकेत असते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. चूक बँकेची असेल तर तुमची जबाबदारी शून्य. चूक ना तुमची ना बँकेची, कुठेतरी मधल्या यंत्रणेची असेल, तर बँकेचा मेसेज मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास जबाबदारी शून्य. मेसेज मिळाला तो दिवस यात धरत नाहीत. चार ते सात दिवसांत कळवलं तर नेहमीच्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा फटका बसतो, झीरो बॅलन्सच्या मूलभूत खात्याला ५,००० चा. त्यानंतर बँकेचं स्वतःचं धोरण. कळवल्यापासून १० कामकाजाच्या दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती जमा करायची आणि ९० दिवसांत निकाल लावायचा, असंही त्यात आहे. ग्राहकाची चूक होती हे सिद्ध करायची जबाबदारी बँकेवर आहे.

पण ओटीपी किंवा पिन तुम्हीच सांगितला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान तुमचं. कळवल्यानंतर गेलेला रुपया मात्र बँकेचा. म्हणून कळवल्याची वेळ लेखी हवी. काउंटरवर तोंडी सांगितलं, त्यांनी मान हलवली, याला पुढे कुणी विचारत नाही. दोन प्रती न्या आणि एकीवर शिक्का घ्या.

बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा नकार दिला, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. फी नाही, वकील लागत नाही.

‘डिजिटल अरेस्ट’ कायद्यात आहे का?

नाही. भारतातल्या कोणत्याही कायद्यात व्हिडिओ कॉलवरची अटक नाही. सीबीआय, ईडी, कस्टम्स, पोलीस, न्यायालय यांपैकी कुणीही फोनवरून ‘पडताळणीसाठी’ पैसे मागत नाही. २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी यावर बोलताना थांबा, विचार करा, मग कृती करा असं सांगितलं. १ डिसेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने अशा प्रकरणांचा तपास सीबीआयकडे सोपवला.

इतकं सगळं पेपरात येऊनही कोथरूड, सहकारनगर, सदाशिव पेठेतली शिकलेली, निवृत्त माणसं यात अडकतात. माहिती नसते म्हणून नव्हे. फोन कसा चालतो ते बघा. आधी कुरिअरवाला किंवा टेलिकॉमचा माणूस: ‘आपके आधार पर एक सिम निकला है.’ मग तो ‘मदत’ म्हणून कॉल पोलिसांना जोडून देतो. कॅमेऱ्यावर खाकी वर्दी, मागे बोधचिन्ह, वायरलेसचा आवाज. तुमचं नाव, पत्ता, आधारचे आकडे त्याला पाठ. मग शिक्क्याचा कागद व्हॉट्सॲपवर. मग अट: कुणाला सांगायचं नाही, ‘राष्ट्रीय सुरक्षेचा मामला आहे’. फोन चार्जिंगला लावून समोर ठेवायचा, स्वयंपाकघरात गेलात तरी सोबत न्यायचा. माणूस बँकेत ठेव मोडायला जातो तेव्हाही खिशातला कॉल चालूच असतो, आणि काउंटरवर काय सांगायचं तेही पढवलेलं असतं: ‘मुलीला फ्लॅट घ्यायचाय.’

सगळा डाव ‘कुणाला सांगायचं नाही’ या एका अटीवर उभा आहे. त्यामुळे तोडही तिथेच. कॉल बंद करा आणि शेजारची बेल वाजवा. दुसऱ्या माणसाला मोठ्याने सांगायला लागलात की दोन मिनिटांत त्यातला खोटेपणा तुम्हालाच ऐकू येतो. घरातले ज्येष्ठ एकटे राहत असतील तर त्यांना ‘असे फोन उचलू नका’ असं सांगून भागत नाही. ‘असा फोन आला तर रात्री दोनलाही मला उठवा’ असं सांगा.

गॅसबिल, वीजबिल, चलान, लग्नपत्रिका... फाइल उघडली आणि फोन विचित्र वागतोय.

मेसेज साधारण असा असतो: ‘मागील महिन्याचे बिल अपडेट नाही. आज रात्री ९.३० वाजता वीजपुरवठा खंडित होईल. त्वरित अधिकाऱ्याशी संपर्क साधा.’ खाली दहा आकडी खासगी नंबर आणि सोबत एपीके फाइल, म्हणजे उघडली की फोनमध्ये ॲप बसवणारी. महावितरण वैयक्तिक नंबरवरून असे मेसेज पाठवत नाही, आणि पत्रिकेचं ॲप कुणी काढत नाही.

ते ॲप एसएमएस वाचायची आणि ॲक्सेसिबिलिटीची (म्हणजे स्क्रीन बघायची आणि चालवायची) परवानगी मागतं. एकदा दिली की ओटीपी तुमच्या आधी त्यांना पोचतो. कित्येकदा ॲपचं चित्रही स्क्रीनवरून गायब होतं, म्हणून ‘मी तर काढून टाकलं’ हा समज फसवा ठरतो.

या क्रमाने करा. फोन एअरप्लेन मोडवर टाका, वायफायही बंद. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला कळवून व्यवहार बंद करा, पैसे गेले असतील तर १९३०. मग सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस ॲडमिन’ आणि ‘ॲक्सेसिबिलिटी’मध्ये जाऊन अनोळखी ॲपचा हक्क काढून घ्या. हे आधी केलं नाही तर अनइन्स्टॉलचं बटण चालत नाही. मग ॲप काढा. जमत नसेल तर सेफ मोडमध्ये फोन सुरू करून पुन्हा प्रयत्न करा. पासवर्ड आणि पिन दुसऱ्या फोनवरून बदला. नेटवर्क परत आल्यावर ##००२# डायल करून सगळं कॉल फॉरवर्डिंग रद्द करा. व्हॉट्सॲपमध्ये जोडलेली अनोळखी उपकरणं काढा आणि दोन टप्प्यांची पडताळणी चालू करा. पुराव्याचे स्क्रीनशॉट बाजूला काढून झाले की शेवटी फॅक्टरी रीसेट. पोलीस फोन तपासायला मागणार असतील तर त्यांना विचारूनच.

सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या सायबर स्वच्छता केंद्रावर फोन आणि संगणकातले बॉट (परक्याच्या हुकमावर चालणारे लपलेले प्रोग्रॅम) काढायची साधनं फुकट मिळतात. २०१७ पासून हे केंद्र चालू आहे, आणि त्यातलं एक साधन पुण्याच्याच क्विक हीलचं आहे.

खरा मेसेज, खरा फोन ओळखायचा कसा?

बँका आणि वित्तसंस्थांच्या सेवाविषयक कॉलसाठी १६०० ने सुरू होणारी मालिका आहे, जाहिरातीसाठी १४०. एसएमएसच्या पाठवणाऱ्याच्या नावापुढे आता आडवी रेघ आणि एक इंग्रजी अक्षर असतं: पी जाहिरातीचं, एस सेवेचं, टी व्यवहाराचं, जी सरकारी. बँकांच्या वेबसाइट डॉट बँक डॉट इन या नावावर गेल्या आहेत. सरकारी पत्ता डॉट गव्ह डॉट इन ने संपतो. ‘गव्ह’ हा शब्द मध्ये कुठेतरी असून चालत नाही. आणि पैसे मिळवायला पिन कधीच लागत नाही.

संशयित कॉल आणि मेसेज दूरसंचार विभागाच्या संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये कळवा, पैसे गेले नसले तरी. तिथेच तुमच्या नावावर किती सिम आहेत तेही दिसतं. चोरीला गेलेला फोन बंद करायची सोयही तिथेच आहे. आयएमईआय, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख क्रमांक, *#०६# ने आजच काढून कागदावर लिहा, फोन गेल्यावर तो कुठून काढणार?

माझा नंबर, पत्ता यांच्याकडे येतो कुठून?

मोठ्या कंपन्यांच्या गळतीतून येतोच. पण सोसायटीच्या गेटवरची वही, झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर राहिलेलं आधार, भाडेकरारासाठी एजंटला व्हॉट्सॲप केलेली कागदपत्रं, हेही आपणच दिलेलं असतं. आधार द्यायचंच असेल तर पहिले आठ आकडे झाकलेलं ‘मास्क्ड’ आधार द्या. बोटांचे ठसे एम-आधार ॲपमधून कुलूपबंद ठेवा. भाडेकराराच्या नोंदणीला अंगठा द्यायच्या वेळी तेवढ्यापुरतं उघडता येतं. ठसे चोरून आधारवरून पैसे काढायचे प्रकार याने थांबतात.

डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ चा आहे, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, अंमल टप्प्याटप्प्याने आहे. माहिती सांभाळली नाही तर २५० कोटींपर्यंत दंड आहे. तो दंड सरकारजमा होतो, तुमच्या खिशात काही येत नाही. आमच्या मते या कायद्याची हीच सगळ्यात लंगडी बाजू आहे.

दुकानाचं खातं अचानक गोठवलं. आमचा काय दोष?

गिऱ्हाइकाने दिलेले ५०० रुपये फसवणुकीच्या साखळीतले असू शकतात. शाखेकडून लेखी मागा: कुठल्या राज्यातलं ठाणं, तक्रारीचा क्रमांक, वादातली रक्कम. मग त्या तपास अधिकाऱ्याला बिल, जीएसटी पावती, मालाची नोंद ईमेल करा आणि सगळं खातं न गोठवता फक्त वादातली रक्कम रोखावी अशी विनंती करा. नाहीच ऐकलं तर कोर्ट.

‘खातं महिनाभर वापरायला दे, दहा हजार देतो’ हे मात्र वेगळं. स्पर्धापरीक्षेला शहरात आलेली, खोलीभाड्याने पिचलेली पोरं यात सापडतात. पासबुक, एटीएम कार्ड आणि सिम हातात दिलं की पहिला आरोपी तोच, कारण नाव त्याचं असतं.

सरकारचं सायबर सुरक्षा धोरण म्हणजे नेमकं काय? आपल्याला त्याचा काय उपयोग?

राष्ट्रीय सायबर सुरक्षा धोरण या नावाचा दस्तऐवज जुलै २०१३ चा. पाच वर्षांत पाच लाख प्रशिक्षित मनुष्यबळ वगैरे उद्दिष्टं त्यात होती. रोजच्या आयुष्याला भिडणारं काम मात्र त्या कागदाबाहेर, तुकड्यातुकड्यांनी झालं. संगणक हल्ल्यांसाठी सर्ट-इन, वीज-बँका-रेल्वेसारख्या कळीच्या यंत्रणांसाठी एनसीआयआयपीसी, गुन्ह्यांसाठी गृह मंत्रालयाचं आयफोरसी, सिमसाठी दूरसंचार विभाग, पैशांसाठी रिझर्व्ह बँक. १९३० हे आयफोरसीच्या कामातलं.

पुण्याला याची किंमत फार आधी कळली. ऑगस्ट २०१८ मध्ये गणेशखिंड रस्त्यावरच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत शिरून चोरांनी ९४ कोटींच्या वर रक्कम नेली. शनिवार, ११ तारखेला काही तासांत, क्लोन केलेल्या कार्डांनी, २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले आणि १३ तारखेला स्विफ्टमधून (बँकांची परदेशी पैसे पाठवायची यंत्रणा) सुमारे १४ कोटी हाँगकाँगला गेले. एटीएमच्या ‘पैसे देऊ का?’ या विचारणेला बँकेच्या खऱ्या यंत्रणेऐवजी मध्ये बसवलेला खोटा स्विच ‘हो’ म्हणत होता. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने ११ जणांना दोषी ठरवलं, आणि त्यात मुख्यतः एटीएमवर जाऊन पैसे काढणारी माणसं होती.

आमचं भोसरीत छोटं वर्कशॉप आहे. आम्हालाही नियम लागू आहेत का?

आहेत. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या आदेशाप्रमाणे सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि यंत्रणेचे लॉग (संगणकातल्या कामाच्या नोंदी) १८० दिवस ठेवावे लागतात. छोट्या कारखान्याला जास्त धोका मात्र बिलाच्या ईमेलचा. पुरवठादाराच्या पत्त्यात एक अक्षर बदललेलं, ‘आमचं खातं बदललंय’ आणि जोडीला हुबेहूब लेटरहेड. खातं बदलल्याचं पत्र आलं की जुन्या, आधीपासून माहीत असलेल्या नंबरवर फोन करायचा. पत्रात छापलेल्या नंबरवर नाही. टॅलीच्या डेटाची एक प्रत रोज बाहेरच्या डिस्कवर, आणि ती डिस्क काढून कपाटात. संगणकाला लावून ठेवलेला बॅकअप रॅन्समवेअर, म्हणजे फाइल कुलूपबंद करून खंडणी मागणारं सॉफ्टवेअर, सोबतच गिळतं.

फेसबुकवर बदनामी केली. ६६ए लावता येईल?

नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ते कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. बदनामी, धमकी, अश्लील मजकूर यांची वेगळी कलमं आहेत.

‘तुमचे बुडालेले पैसे काढून देतो’ म्हणणाऱ्याचा फोन आला.

तो बहुधा त्याच टोळीचा, नाहीतर यादी विकत घेतलेला. ‘प्रोसेसिंग फी’ मागितली की फोन ठेवा.

सोसायटीत जागृतीचा कार्यक्रम घ्यायचाय. काय करावं?

दर महिन्याचा पहिला बुधवार ‘सायबर जागरूकता दिवस’ म्हणून ठरवलेला आहे, तो निमित्ताला पुरतो. तासाभराचं भाषण ठेवू नका. दोन टेबलं आणि चार जाणकार मुलं बसवा आणि प्रत्येकाचा फोन हातात घेऊन पाच कामं करून द्या: १९३० सेव्ह करणं, व्हॉट्सॲपचा पिन, व्हॉट्सॲप आणि क्रोमला असलेली अनोळखी ॲप बसवायची परवानगी बंद करणं, यूपीआयची रोजची मर्यादा कमी करणं, आधारचे ठसे कुलूपबंद करणं. एका फोनला साधारण पंधरा मिनिटं लागतात, म्हणजे चाळीस फ्लॅटच्या इमारतीला एक संध्याकाळ पुरत नाही. दोन ठेवा, आणि ज्या आजी-आजोबांना जिना उतरता येत नाही त्यांच्याकडे वर जा.